पी ०१७१ : सेन्सर बदलण्याआधी हवेची गळती शोधा

ताई, ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा भाग, आत्ता बदलू नका. तुम्ही लिहिलंय की चेक इंजिनचा दिवा लागला, रामबागेजवळच्या गॅरेजात पी ०१७१ कोड निघाला आणि त्यांनी लगेच सेन्सर बदलायला सांगितलं. या कोडचा अर्थ एवढाच की मिश्रण पातळ आहे, पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. ती खबर ऑक्सिजन सेन्सरने दिली. बिघाड कुठे आहे ते कोड सांगत नाही.

स्कॅनरचे फोटो टाकलेत ते फार बरं केलंत. फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड पडला त्या क्षणाची नोंद, अशी आहे: आरपीएम ७८०, कूलंट ८८ अंश, लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटरने पेट्रोलात केलेली कायमची दुरुस्ती, अधिक १९ टक्के. गाडी गरम होती, उभी होती आणि कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा १९ टक्के जास्त पेट्रोल देऊन तूट भरत होता. हा आकडा दहाच्या आत असला तर मी फारशी काळजी करत नाही. दुसऱ्या फोटोत २५०० आरपीएमला तो अधिक ५ वर आलाय. सगळी गोम इथे आहे. आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, ते हवा थोडीच घेतं, त्यात थ्रॉटलच्या, म्हणजे हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेच्या, पुढे व्हॅक्यूम जोरात असतो, त्यामुळे एखाद्या भेगेतून शिरलेली हवा तिथे भारी पडते. आरपीएम वाढला की तिचा वाटा कमी होतो. पेट्रोल पंप किंवा फिल्टर कमी पडत असता तर उलट झालं असतं: उभ्या गाडीत सगळं ठीक आणि सिमरोलपुढे भेरूघाट चढताना आकडा वर.

तुमच्या गाडीत मास एअरफ्लो सेन्सर, म्हणजे आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर, आहे म्हणून हे इतकं खात्रीने सांगतोय. फक्त मॅप सेन्सर, म्हणजे थ्रॉटलच्या पुढचा हवेचा दाब मोजणारा सेन्सर, असलेल्या गाडीत गळती अशी सरळ दिसत नाही.

शिवाय तुमच्या ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये भराभर वरखाली होतोय. मेलेला सेन्सर असं करत नाही.

माझ्याही गाडीला हाच कोड आला होता. 'भिया, सेन्सर उड गया' म्हणून एका गॅरेजने नवा बसवला. चौथ्या दिवशी दिवा परत लागला. शेवटी पीसीव्हीची, म्हणजे इंजिनातल्या वाफा परत आत नेणारी, नळी उंदराने कुरतडलेली सापडली, तीही खालच्या बाजूने, जिथे नजर जात नाही. सेन्सरचे पैसे गेले याचं आजही वाईट वाटतं, म्हणून एवढं लिहितोय.

तेव्हा इंजिन बंद आणि थंड असताना एअर फिल्टरपासून थ्रॉटल बॉडीपर्यंतचा रबरी पाइप वाकवून त्याच्या घड्यांत बघा. मग पीसीव्हीची नळी, ब्रेक बूस्टरची (ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याची) नळी आणि मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागावर, जाणाऱ्या बारीक नळ्या, हात फिरवून. नाहीच सापडलं तर स्मोक टेस्ट करून घ्या. इंटेकमध्ये, म्हणजे हवा आत जायच्या वाटेत, धूर सोडतात, गळती असेल तिथून तो बाहेर येतो. सेन्सरच्या आधी सायलेन्सरचा पाइप फुटलाय का तेही त्यांना बघायला सांगा, कारण तिथून हवा आत ओढली गेली तरी सेन्सरला मिश्रण पातळ भासतं.

तोवर कोड पुसू नका, बॅटरीची वायरही काढू नका. फ्रीझ फ्रेम जाते. स्थिर दिव्यावर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येईल. दिवा लुकलुकायला लागला तर मात्र गाडी बाजूला घेऊन बंद करा. तेव्हा मिसफायर, म्हणजे सिलिंडरात पेट्रोल नीट न पेटणं, इतका असतो की न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळू शकतं, आणि त्याचा खर्च सेन्सरच्या कितीतरी पट आहे.