प्राचीन ग्रीक शिकायचंय आणि सायफायचं वेडही आहे? मग लुकियान वाच

अरे, पहिल्याच दिवशी होमर उघडू नकोस, सगळे तेच करतात आणि दोन पानांत गार पडतात, कारण ती भाषा जुनी आणि अनेक बोलींची मिसळ आहे. आधी अॅटिक ग्रीक, म्हणजे प्राचीन अथेन्सची बोली, घे. २४ अक्षरं आठवड्यात येतात, पण स्वराघात आणि श्वासचिन्हं (शब्दाच्या सुरुवातीच्या स्वराआधी 'ह' आहे की नाही ते दाखवणाऱ्या खुणा) पहिल्यापासून लिहायची, नंतर बघू म्हटलं की राहूनच जातं.

दहावीला संस्कृत घेतलं होतंस ना? पुण्यात काय, निम्मा वर्ग स्कोरिंग म्हणून घेतोच, पण इथे ते खरंच कामाला येतं. द्विवचन आहे, आत्मनेपदासारखा प्रकार आहे, भूतकाळात धातूच्या आधी 'अ' लागतो तसा इथे 'ए' लागतो.

आणि नारळीकर वाचून सायफायच्या नादी लागलेल्या माणसाला लुकियान आवडणारच. दुसऱ्या शतकातला ग्रीक लेखक, त्याच्या 'True History' (खरी गोष्ट) या पुस्तकात त्याचं जहाज वावटळीत उडून सात दिवस हवेत तरंगत चंद्रावर पोचतं, तिथे चंद्राच्या आणि सूर्याच्या राजांचं युद्ध चालूय, कशावरून तर शुक्रावर वसाहत कोणी करायची यावरून! चंद्रावरचे लोक डोळे काढून ठेवतात, श्रीमंतांचे कपडे काचेचे. सुरुवातीलाच सांगतो की मी खोटं बोलतोय, एवढंच खरं. त्याचं ग्रीक अॅटिक वळणाचंच आहे, त्यामुळे बेसिक व्याकरण झालं की डिक्शनरी घेऊन जमतं. मूळ मजकूर पर्सियस (Perseus) या प्राचीन ग्रीक-लॅटिन ग्रंथांच्या साइटवर फुकट आहे, शब्दावर क्लिक केलं की रूप दिसतं. पण आधी स्वतः ओळखून बघ, मगच क्लिक कर.