सलग बघितलेला सीझन एवढ्या लवकर का विसरतो?

दहा भागांचा सीझन दोन रात्रींत संपवला, दुसऱ्या दिवशी सगळं तोंडपाठ होतं, पण काही महिन्यांनी पुढचा सीझन आला तर काहीच आठवेना, कोण कुणाचा भाऊ हेही नाही, मग माझी स्मरणशक्ती खालावली आहे का, असं तुम्ही विचारलंय. एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. मी स्वतः सलग आणि थांबून थांबून, अशा दोन्ही तऱ्हांनी भरपूर मालिका बघितल्या आहेत आणि या विषयावरचं वाचनही बरंच झालंय. माझं मत स्पष्ट आहे: सलग बघताना आपल्याला काही आठवावंच लागत नाही, आणि जे आठवावं लागत नाही ते फार दिवस टिकत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, दुसऱ्या भागात एक बाई घराबाहेर पडताना किल्ली कुंडीखाली सरकवते. तीन सेकंदांचा शॉट, कुणी त्यावर बोलतही नाही. पाचव्या भागात तिचा दीर त्याच किल्लीने दार उघडतो. एकाच रात्री बघत असाल तर ती किल्ली अजून डोळ्यांसमोरच असते. 'अच्छा, कुंडीखालची!' म्हणून तुम्ही पुढे जाता. आठवड्याला एक भाग बघणारा मात्र तिथे अडखळतो. ही किल्ली याच्याकडे कशी आली? क्षणभर डोकं खाजवतो, आणि मग कुंडी आठवते. ते डोकं खाजवणंच कामाचं. आठवण अशी ओढून बाहेर काढली की ती पक्की होते, आणि पुढच्या वेळी कमी कष्टात सापडते.

हे तत्त्व नवं नाही. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं, की एका बैठकीत केलेल्या घोकंपट्टीपेक्षा तेवढीच उजळणी दिवसांवर विभागली तर पाठांतर जास्त टिकतं. त्याने अर्थहीन अक्षरं पाठ केली होती. मालिकेत कथा असते, चेहरे असतात, म्हणून दोन्ही अगदी सारखं नाही. पण मालिकांवरही थेट प्रयोग झालाय. २०१७ साली मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी पन्नासेक विद्यार्थ्यांना सहा भागांची एक हेरकथा दाखवली. एका गटाने सगळे भाग एका बैठकीत बघितले, दुसऱ्याने रोज एक, तिसऱ्याने आठवड्याला एक. शेवटचा भाग संपल्यावर दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारले तेव्हा सलग बघणारे सगळ्यांच्या पुढे होते! पण १४० दिवसांनी पुन्हा विचारलं तेव्हा सर्वांत मोठी घसरण त्यांचीच होती, आणि आठवड्याला एक बघणाऱ्यांची सर्वांत कमी. शिवाय सलग बघणाऱ्यांनी मालिका तुलनेने कमी आवडल्याचंही सांगितलं. प्रयोग लहान आहे, त्यामुळे ही काळ्या दगडावरची रेघ मानू नका. पण 'काल तर सगळं तोंडपाठ होतं' हा तुमचा अनुभव त्यात नेमका बसतो.

आता ऑटोप्लेबद्दल, म्हणजे पुढचा भाग आपोआप सुरू होण्याबद्दल, कारण माझ्या मते खरं नुकसान तिथे होतं. भाग संपतो, नामावली सुरू होते न होते तोच पडद्याच्या कोपऱ्यात उलटी मोजणी चालू. इस्राएलच्या वाइझमन संस्थेत आया बेन-याकोव्ह आणि यादिन दुदाई यांनी २०११ साली लोकांना काही सेकंदांच्या चित्रफिती दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं. चित्रफीत संपल्याच्या क्षणी हिप्पोकॅम्पस या, आठवणी घडवणाऱ्या मेंदूच्या भागात जी हालचाल दिसली, तिचा पुढे ती चित्रफीत लक्षात राहण्याशी संबंध आढळला. पुढच्या कामात त्यांना असंही दिसलं, की एका चित्रफितीला लागूनच दुसरी दाखवली तर पहिलीची आठवण कच्ची राहते. काही सेकंदांच्या तुकड्यांवरून तासाभराच्या भागाबद्दल छातीठोक सांगता येणार नाही, पण शेवटचं दृश्य संपल्यावरची ती शांतता वाया जात नाही असं मला मनापासून वाटतं. म्हणून ऑटोप्ले आधी बंद करा. सेटिंगमध्ये सहसा सोय असते.

आणखी एक गोष्ट. सलग बघितलेल्या भागांना वेगवेगळ्या खुणा नसतात. तोच सोफा, तोच अंधार, त्याच व्यक्तिरेखा, तेच सेट. त्यामुळे घटना आठवली तरी ती तिसऱ्या भागातली की सहाव्या, आधी भांडण झालं की आधी पत्र आलं, हा क्रम पार विस्कटतो. वेगवेगळ्या दिवशी बघितलेल्या भागाला त्या दिवसाचं काहीतरी चिकटलेलं असतं: पाऊस, सर्दी, फोनवर कुणाशी झालेली चर्चा. मधे रात्रीची झोपही मिळते, आणि झोपेत आठवणी पक्क्या होतात. पहाटेपर्यंत जागून बघितलेल्या शेवटच्या दोन भागांचं मला तर सहसा काहीच आठवत नाही, कारण तिथे लक्षच अर्धं असतं.

तरी 'काहीच आठवत नाही' हे तुमचं म्हणणं पूर्ण खरं नसावं. पहिल्या सीझनमधला एखादा प्रसंग लावून बघा. पुढे काय होणार ते बहुधा लगेच सुचेल. आठवण पुसलेली नसते, खूण मिळाल्याशिवाय वर येत नाही एवढंच.

म्हणून नवीन सीझन लावताना सुरुवातीला दाखवतात ती मागच्या सीझनची उजळणी लगेच बघू नका. ती बघताना 'हो हो, आठवतंय' असं वाटतं, पण ती नुसती ओळख असते, स्वतःहून आठवणं नव्हे. आधी पाच मिनिटं स्वतः सांगून बघा, मोठ्याने किंवा कागदावर: शेवटी कोण कुठे होतं, कुणाला काय माहीत होतं, कुठलं गुपित उघडं पडायचं राहिलं होतं. चुकलं तरी चालेल. मग उजळणी बघा. जिथे अडला होतात तेच नेमकं डोक्यात बसेल.

प्रत्येक मालिकेला हे सोपस्कार करायची गरज नाही. जिथे प्रत्येक भाग स्वतंत्र आहे, अशा विनोदी मालिका खुशाल सलग बघा. गुंतागुंतीच्या रहस्यकथेचे पहिले दोन भाग मीही एकत्रच बघतो, नाहीतर पात्रांची नावंच बसत नाहीत. त्यानंतर मात्र रोज एकच, आणि पुढचा लावण्याआधी सोबत बघणाऱ्याला विचारायचं: काल कुठे थांबलो होतो?