गोधडी, गॅस आणि घरातलं मांजर: वाचकांचे प्रश्न

थंडीची चाहूल लागली की जुन्या साड्यांची बोचकी सुटतात आणि आमच्याकडे गोधडीचे प्रश्न येऊ लागतात. या खेपेला निम्म्याहून अधिक पत्रांत मांजर आहे, म्हणून ती सगळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न: आईची एक सुती सहावारी आणि एक नऊवारी आहे. एवढ्यात एका माणसाची गोधडी होईल का? मागच्या वेळी मधोमध मोठा फुगा आला होता आणि खालच्या बाजूला चुण्या पडल्या होत्या. (वाचक, कऱ्हाड)

होईल, आणि चांगली पाच थरांची होईल. सहावारी साडेपाच मीटर म्हणजे सुमारे 216 इंच, पन्हा म्हणजे रुंदी साधारण 44 इंच. जुन्या साड्या आटलेल्या असतात, तेव्हा कात्री लावण्याआधी मोजून घ्या. 84 इंचाचे दोन तुकडे कापले की 48 इंच उरतं. त्यातून 12 इंच रुंदीच्या चार पट्ट्या निघतात, प्रत्येकी पन्ह्याएवढी लांब. दोन-दोन जोडून त्या एकेका मोठ्या तुकड्याच्या कडेला शिवल्या की 55 बाय 84 इंचाची वरची आणि खालची अशी दोन्ही पानं तयार. नऊवारी सुमारे 324 इंच. तिचे 84 इंचाचे तीन तुकडे, उरलेल्या 72 इंचातून तशाच सहा पट्ट्या, म्हणजे आतले तीन थर. आतल्या पट्ट्या शिवायची गरज नाही, इंचभर एकमेकांवर चढवून ठेवा. मात्र एका थरात पट्टी डावीकडे तर पुढच्या थरात उजवीकडे घ्या. सगळे जोड एकाच रेषेत आले तर तिथे सुई शिरत नाही. जरीचा काठ असेल तर तो कापून बाजूला ठेवा. जुनी जर तुटते आणि अंगाला टोचते. काठ गेल्यावर पन्हा जितका कमी होईल तितकी गोधडी अरुंद धरा.

आता फुगा. तो येतो कडेकडून टाचत आत गेल्यामुळे. कापडातली सगळी ढिलाई पुढे सरकत मधोमध साचते आणि तिथून तिला बाहेर पडायला वाट उरत नाही. म्हणून सगळे थर धुऊन, इस्त्री करून गुळगुळीत फरशीवर घाला. प्रत्येक थर तळहाताने मधून बाहेर सारत बसवा, पण ताणू नका. ताणलेलं कापड सोडल्यावर आखडतं, त्याच खालच्या चुण्या. मग मधोमध एक उभी आणि एक आडवी ओळ कच्च्या टाक्याने घालून चारी दिशांना बाहेर जा. टाके दोन-दोन इंचांचे, ओळींत सहा इंच अंतर. कडा अर्धा इंच आत दुमडायचं काम शेवटी.

धावदोराही मधूनच सुरू करा. टाका पाव इंचाचा, दोन ओळींत पाऊण इंच. या मापाने सुमारे 72 ओळी होतात आणि एकेरी दोरा 180 मीटरच्या आसपास लागतो. गाठी आणि तुकडे धरून 200 मीटर आणा. सुईत दोरा हातभर घ्या. त्याहून लांब घेतला तर प्रत्येक टाक्याला कापडातून घासून तो पिंजतो आणि गुंता होतो. मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतलात तर आणखी बरा चालतो. गाठ थरांच्या आत ओढून लपवा.

कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात ती कडेपासून आत, मग तिला फुगा का येत नाही, असं कुणी विचारेल. त्या वरचे तुकडे आधी जोडून घेत नाहीत. शिवत शिवत एकेक तुकडा दुमडून लावत जातात, त्यामुळे ढिलाई जिथल्या तिथे जिरते. अखंड साडीच्या पानाला ती सोय नाही.

प्रश्न: साडी सुती आहे की मिश्र, हे हाताला कळत नाही. (वाचक, जळगाव)

दोन-चार धागे काढून चिमट्यात धरून मोरीत जाळून बघा. सुताची कागदासारखी भुरभुरीत राख होते. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. अशी साडी आत घालू नका. ती निसरते, आणि धुतल्यावर सूत आटतं पण ती आटत नाही, मग गोधडी लाटांसारखी होते.

प्रश्न: मांजर रिळामागे धावतं, दोरा चघळतं. यात खरंच धोका आहे का? की केसांचीच काळजी करायची? (वाचक, ठाणे)

केस झटकता येतात. दोरा जीव घेऊ शकतो. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो आतच सरकत जातो. एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अडकलं आणि बाकीचा दोरा आतड्यात उतरला, तर नाडी ओढल्यावर पायजम्याचा नेफा गोळा होतो तसं आतडं दोऱ्यावर गोळा होतं. मग ताणलेला दोरा आतड्याची भिंत कापतो. दोऱ्याला सुई असेल तर ती वेगळी.

वारंवार उलट्या, खाणं बंद, कोपऱ्यात दडून बसणं, पोटाला हात लावू न देणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. दोरा खाताना डोळ्यांनी पाहिला असेल तर लक्षणांची वाट बघू नका. तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तरी ओढू नका. दुसरं टोक कुठे अडकलंय ते बाहेरून कळत नाही. तेल पाजणं, मीठ चाटवून ओकायला लावणं, असले घरगुती उपायही नकोत. एक्स-रेमध्ये सुई दिसते, सुती दोरा सहसा दिसत नाही, तेव्हा कसला दोरा आणि साधारण किती लांब, हे डॉक्टरांना सांगा.

घरातली शिस्त मात्र सोपी आहे. रीळ, दोऱ्याचे तुकडे आणि सुया घट्ट झाकणाच्या डब्यात. कापलेला तुकडा फरशीवर न टाकता तिथल्या तिथे डब्यात. सुया आणि टाचण्या कामाआधी मोजायच्या, उठताना पुन्हा मोजायच्या. फरशीवरून लोहचुंबक फिरवा, पण पितळी टाचणी त्याला चिकटत नाही, म्हणून मांजराच्या घरात पोलादीच घ्या. पाच मिनिटांसाठी उठायचं असलं तरी सुई कापडात खोचून ठेवू नका. लोंबत्या दोऱ्याचं टोक मांजराला आधी दिसतं. मशिनची सुई मोडली तर सगळे तुकडे जुळवून पाहिल्याशिवाय पुढे शिवू नका.

प्रश्न: थर पसरले की मांजर बरोब्बर मधोमध येऊन बसतं. उठवलं की पाच मिनिटांत पुन्हा हजर. (वाचक, रत्नागिरी)

बसणारच. पसरलेलं, उबदार, तुमच्या हाताच्या वासाचं कापड त्याला आणखी कुठे मिळणार? हाकलण्यात दिवस घालवू नका, वेळ साधा. मांजरं पहाटे आणि दिवेलागणीला सगळ्यांत चळवळी असतात, दुपारी झोपतात. थर पसरायचं आणि टाचायचं काम सकाळी अकरा ते चार या वेळात उरका. त्याआधी दहा-पंधरा मिनिटं त्याला काठीला बांधलेल्या चिंधीमागे दमवा, लगेच जेवायला द्या. पळापळ आणि भरलं पोट झालं की ते अंग चाटून झोपतं. खेळून झाल्यावर ती काठी आणि चिंधीही कपाटात.

शेजारी पुठ्ठ्याचा खोका ठेवून त्यात त्याच साडीचा उरलेला तुकडा घाला. बहुतेक मांजरांना खोका पटतो. टाचून झालं की गोधडीची वळकटी करा आणि दोन हात रुंद भाग उलगडून त्यावरच काम करा, बसायला जागाच उरत नाही. पाव इंचाचा टाका सांगितला त्यालाही हे एक कारण आहे. इंचभर लांब टाक्यात नख अडकतं आणि अख्खी ओळ उसवते. चिकटलेले केस ओला रबरी हातमोजा एकाच दिशेने फिरवून काढा, गोळा होऊन येतात.

प्रश्न: शिवायला बसलं की स्वयंपाक राहतो. चौघांचं दोन वेळचं जेवण कसं बसवावं? (वाचक, नागपूर)

पोळ्या-भाकरीचा बेत त्या दिवशी ठेवूच नका, तव्यापाशी उभं राहावं लागतं. दुपारी मुगाची खिचडी. दीड वाटी तांदूळ, पाऊण वाटी मूगडाळ धुऊन अर्धा तास निथळत ठेवा. दोन मोठे चमचे तेलात मोहरी, जिरं, हिंग, अर्धा छोटा चमचा हळद, त्यावर डाळ-तांदूळ दोन मिनिटं परता. साडेपाच वाट्या उकळतं पाणी, दीड छोटा चमचा मीठ, मध्यम आचेवर तीन शिट्ट्या. वाफ आपोआप जिरू द्या. कुकर निम्म्याहून जास्त भरू नका. डाळीला फेस येतो, तो शिट्टीत शिरून वाट बंद करतो. खिचडी खाली लागली तर बहुधा आच मोठी होती आणि पाणी शिट्टीवाटे उडून गेलं.

रात्री भातावर कुळथाचं पिठलं. चार मोठे चमचे पीठ, अडीच वाट्या पाणी, सहा-सात ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या, दोन मिरच्या, चार आमसुलं. उकळत्या पाण्यात पीठ वैरायचा हात सगळ्यांना बसलेला नसतो. कोरड्या पिठाचा वरचा थर चटकन शिजतो, आतलं कोरडंच राहतं, तीच गुठळी. ज्यांना जमत नाही त्यांनी पीठ आधी अर्धी वाटी गार पाण्यात कालवावं. गॅस बंद करताना पिठलं पातळच हवं, ते निवताना दाट होतं. पिठल्याचं पातेलं झाकून ठेवा, ओट्यावर उडी मारणाऱ्याला गरम काय आणि गार काय ते कळत नाही. सुई धरण्याआधी हात बेसनाने चोळून धुवा, नखांतली हळद तेवढ्याने निघते.

प्रश्न: याच जेवणातलं मांजराला काय द्यावं? (वाचक, सांगली)

वरच्या पिठल्यातलं काहीच नाही. कांदा आणि लसूण, कच्चा, शिजवलेला, तळलेला किंवा मसाल्यातला, मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. रस्सा भाताला लावून देण्याची आपली सवय इथेच नडते. बेदाणे आणि चॉकलेटही नको. दूध-पोळीवर मांजर जगत नाही. मोठ्या मांजरांपैकी बहुतेकांना दुधातली साखर पचत नाही आणि जुलाब होतात. शिवाय त्याला लागणारं टॉरिन हे पोषकद्रव्य मांस-मासळीतूनच मिळतं. बिनमिठाची उकडलेली कोंबडी, हाडं काढून, किंवा काटे काढलेला शिजवलेला बांगडा चालतो. शिजलेलं हाड तुकडे होऊन टोचतं. सुकट-बोंबील खारे असतील तर टाळा.

प्रश्न: नव्या गोधडीवर हळदीचे हात लागले. साबण लावला तर डाग लाल झाला! (वाचक, बेळगाव)

घाबरू नका, साबणातल्या क्षारामुळे हळद लाल होते. साध्या पाण्याने खळबळून साबण काढला की ती पुन्हा पिवळी दिसेल. मग ओला डाग थेट उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, दोन-तीन दिवसांत फिका पडतो. रंगीत कापडाला ब्लीच लावू नका.

प्रश्न: पेटीत गोधड्यांबरोबर डांबरगोळ्या ठेवतो. मांजराला त्रास होईल का? (वाचक, डोंबिवली)

होईल. डांबरगोळी मांजराला विषारी आहे, आणि त्याच गोधडीवर ते रात्रभर नाक खुपसून झोपतं. कापूरही नको. अंथरुणाच्या खोलीत फरशी पुसायला फिनेलही नको, असल्या द्रव्यांचं विष मांजराच्या यकृताला नीट उतरवता येत नाही आणि ती पायाला लागून चाटण्यातून पोटात जातात. पिसवांसाठी कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका, त्यातलं परमेथ्रिन त्याला झटके आणू शकतं. मांजराचं वेगळं औषध पशुवैद्याकडून घ्या आणि गोधडी कडक गरम पाण्यात धुवा.

पाच थरांची गोधडी भिजली की फार जड होते. एका दोरीवर लोंबत टाकली तर टाके ताणतात, म्हणून दोन दोऱ्यांवर पसरून वाळवा. दिवसभराचं ऊन दोन्ही बाजूंना खाल्ल्याशिवाय पेटीत ठेवू नका. आत राहिलेला दमटपणाच कसर आणि बुरशी ओढून आणतो. घड्यांमध्ये पूर्ण वाळलेला कडुलिंबाचा पाला जुन्या मलमलीत बांधून ठेवा, आणि महिन्या-दोन महिन्यांनी गोधड्या पुन्हा उन्हात काढा. पेटीचं झाकण लावताना आत मांजर नाही ना, तेवढं बघा.