कॉमिक्सच्या वाढलेल्या किमती ही वाचकाची लूट नाही का?

बत्तीस पानी कॉमिकला शंभर-दीडशे रुपये मोजायचे आणि ते अर्ध्या तासात वाचून संपतं, ही लूट नाही का, असं तुम्ही विचारलंय. ‘अर्ध्या तासात संपतं’ हे वाक्य मी माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडून ऐकलेलं आहे. म्हणून लिहायला बसलो.

इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झालं तेव्हा अंक साठ पैशांना होता. माझ्या वेळेला, म्हणजे ऐंशीच्या दशकात, आमच्या गल्लीतल्या वाचनालयात मराठी इंद्रजाल पंचवीस पैसे रोजाने भाड्याने मिळायचं. विकत घ्यायची ऐपत नव्हती. मी रद्दीच्या दुकानात तासन्‌तास उकिडवा बसून ढिगातून वेताळ, मँड्रेक, बहादूर या नायकांचे अंक वेगळे काढायचो. अशी १४० जमवली होती. पत्र्याच्या ट्रंकेत, प्रत्येकाला खाकी कव्हर घालून, वर पेनाने नंबर. संध्याकाळी ओट्यावर एका कॉमिकवर पाच-पाच डोकी. पान उलटायचा मान माझा, आणि शेजारचा बाळ्या वाचायला सावकाश, तो पानावर तळहात दाबून धरायचा, “थांब, बोलण्याचा फुगा राहिलाय.” एकेक अंक असा किती वेळा वाचला गेला याची गणतीच नाही.

दादाचं लग्न ठरलं, घराला रंग काढला. मी शाळेतून आलो तर ट्रंकेत गहू भरलेले. कॉमिक्स किलोच्या भावाने गेली होती. मी रडलो तेव्हा दादा म्हणाला, “अर्ध्या तासात संपणारी पुस्तकं, जागा अडवून बसली होती.” इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडलं. त्यातले जुने अंक आज जमवणारे लोक काय भावाने घेतात ते बघा. पण पैशाचं सोडा, मला ती विकायची नव्हतीच.

आता किमतीचं. मी सत्तावीस वर्षं ऑफसेट छपाईत आहे. बत्तीस पानं म्हणजे सोळा पानांचे दोन फॉर्मे, म्हणजे दोन्ही बाजूंनी छापून घडी घातलेले दोन मोठे कागद. चार रंगांत छापायचे तर एका फॉर्म्याच्या दोन्ही बाजू मिळून आठ प्लेटा (छपाईचे पत्रे, दर रंगाला एक), दोन फॉर्म्यांच्या सोळा, कव्हरच्या वेगळ्या. पाचशे प्रती काढा नाहीतर पन्नास हजार, प्लेटा तेवढ्याच. रजिस्टर जुळेपर्यंत, म्हणजे चारही रंग एकमेकांवर नेमके बसेपर्यंत, जो कागद वाया जातो तोही जवळपास तेवढाच. चित्रकाराचा महिना-दोन महिन्यांचा पगार तसाच. पूर्वी हा खर्च भल्यामोठ्या खपावर वाटला जायचा. आज मराठीत कॉमिक काढणारा हजार प्रती छापतानाही दहादा विचार करतो. वर वितरक आणि दुकानदाराचं कमिशन पुष्कळदा छापील किमतीच्या चाळीस टक्क्यांपुढे जातं. पुस्तकावर जीएसटी शून्य आहे म्हणून लोक खूश असतात, पण कागदावर तो भरावाच लागतो आणि पुस्तक करमुक्त असल्यामुळे प्रकाशकाला त्याची वजावट मिळत नाही. तो शेवटी किमतीतच येतो.

उलट जुन्या साठ पैशांच्या अंकांत रंग रेघेबाहेर सांडलेला असायचा, वेताळाचा जांभळा पोशाख पार मागच्या झाडावर. कागद चार वर्षांत पिवळा. आज माझ्याकडे असा फॉर्मा निघाला तर मी मशीन थांबवतो.

माझ्या मते किंमत वाढवणं ही लूट नाही. किंमत तीच ठेवून पानं खाणं, ती लूट. अमेरिकेत १९३८ साली सुपरमॅन पहिल्यांदा आला तो चौसष्ट पानांच्या अंकात, दहा सेंटला. तिथे दहा सेंटची किंमत १९६१ पर्यंत टिकली, पण पानं तोवर बत्तीसवर आली होती. २०११ मध्ये सुपरमॅन छापणाऱ्या डीसी कंपनीने २.९९ डॉलरची किंमत राखायला गोष्टीची पानं बावीसवरून वीस केली, पण निदान तसं जाहीर सांगून. तेव्हा घेताना किमतीआधी गोष्टीची पानं मोजा.

एक मात्र कबूल करतो. त्याच अंकाला चार वेगळी कव्हरं लावून चारदा विकणं किंवा पुठ्ठ्याची बांधणी करून तिप्पट किंमत लावणं मलाही पटत नाही, ते घेऊ नका. आणि हातात खरंच पैसे नसतील तर वाचनालय आहे, जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत. मीही तिथूनच वाचलं.

पण ‘अर्ध्या तासात संपतं’ हा हिशेब मला मान्य नाही. गेल्या महिन्यात दादाच्या नातवाला एक कॉमिक नेलं. जेवणाआधी त्याने ते तीनदा वाचलं, जेवताना ताटाशेजारी उघडं ठेवलं, हात धुवून परत पहिल्या पानापासून. दादाने ते उचललं, उलटं करून मागची किंमत बघितली. मी म्हटलं, “दादा, ट्रंकेत किती होती आठवतंय?” तो म्हणाला, “शंभरेक असतील.” मी म्हटलं, “एकशे चाळीस.” त्याने कॉमिक सरळ केलं आणि पोराच्या ताटाशेजारी होतं तिथे परत ठेवलं.