शेंगदाण्याचे तेल चोथ्यात नाही, त्या पांढऱ्या थरात शोधा

नमस्कार. दोन किलो शेंगदाणे भिजवून मिक्सरमध्ये अगदी गुळगुळीत वाटले, पाचपट पाण्यात कालवून तेल सुटावे म्हणून एन्झाइम घातले, चार तास ५० अंशांवर ठेवले, तरी वर तेलाऐवजी घट्ट पांढरा थर आला आणि विक्रेत्याने मात्रा दुप्पट करायला सांगितली, हे तुमचे वर्णन वाचताना मला या पद्धतीने तेल काढण्याचे माझे पहिले वर्ष आठवले. कृपा करून एन्झाइमची मात्रा वाढवू नका. दोन किलो दाण्यांत साधारण ९०० ग्रॅम तेल असते आणि तुमचे बरेचसे तेल बहुधा त्या थरातच आहे.

मी तो थर टाकाऊ समजून ओतून देत असे आणि तपासायला फक्त चोथा पाठवत असे. एका प्रयोगशाळेने तीन आठवड्यांनी ‘तेल ९ टक्के’ एवढेच कळवले. हा आकडा ओल्या वजनावरचा की कोरड्या, असे विचारल्यावर ‘अहवालात आहे तेवढेच’ असे उत्तर मिळाले. माझ्या चोथ्यात ६० टक्के पाणी असल्यामुळे, आकडा ओल्या वजनावरचा धरून कोरड्या चोथ्यात २२ टक्क्यांहून अधिक तेल उरले आहे असे मी मानले आणि सहा महिने एन्झाइम वाढवत राहिलो. प्रत्यक्षात तो आकडा कोरड्या वजनावरचा होता. एका ओळीच्या खुलाशाने माझे सहा महिने आणि बरेच पैसे वाचले असते, याचा राग अजून आहे.

पुढे एका बरणीत तो थर रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला आणि सकाळी बरणी कोमट पाण्यात उभी केली. थराला भेगा पडल्या आणि त्यांतून पिवळसर, स्वच्छ तेल पाझरू लागले.

दाण्यातले तेल सूक्ष्म थेंबांच्या रूपात, प्रथिने आणि फॉस्फोलिपिडे (एक प्रकारचे स्निग्ध पदार्थ) यांच्या पातळ आवरणात असते. सेल्युलेज आणि पेक्टिनेज ही एन्झाइमे पेशीभित्तिका सैल करतात, पण ते आवरण तोडायला प्रोटिएज, म्हणजे प्रथिने तोडणारे एन्झाइम, लागते. ओले दाणे मिक्सरमध्ये बारीक वाटले की थेंब आणखी लहान होतात आणि पाण्यात उतरलेली प्रथिने त्यांना पुन्हा वेढतात. म्हणून दाणे कोरडेच, जरा भरड दळा आणि मिश्रण हळू ढवळा. सेल्युलेजला साधारण ४.५ ते ५ सामू (pH) लागतो, तर अल्कली प्रोटिएजला ८ ते ९, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी घातल्यास एक वाया जाते. माझ्या मते दाण्यांसाठी एकटे प्रोटिएज पुरते.

मी रसायनशास्त्राचा पदवीधर नाही आणि पाच किलोंपेक्षा मोठ्या खेपेचा मला अनुभव नाही, तेव्हा माझे म्हणणे अंतिम मानू नका. नुसते तेल विकायचे असेल तर लाकडी घाणा स्वस्त पडेल. पाण्यात उतरलेली प्रथिने वापरायची असतील तरच हा खटाटोप परवडतो. ते पाणी काही तासांत आंबते, म्हणून रात्रभर ठेवू नका, आणि बुरशी आलेले दाणे आधीच निवडून काढा.

पुढच्या खेपेला चोथा, पाणी, पांढरा थर आणि मोकळे तेल या चारही गोष्टी वेगवेगळ्या तोला, प्रत्येकातला थोडा भाग वाळवून पुन्हा तोला आणि ते आकडे मला कळवा.