बाई, तुम्ही जमिनीवर नकाशा काढायचात ना?

कळव्याच्या एका शिक्षिकेचं पत्र आलंय, खूप मोठं आहे म्हणून थोडक्यात देते.

"मावशी, मी 38 वर्षांची, ठाण्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत 2011 पासून सहावी-सातवीला मराठी, इतिहास, भूगोल शिकवते. आधी शाळा म्हणजे जीव की प्राण होता, आता सकाळी वर्गाकडे जाताना पोटात गोळा येतो, रात्री झोप नाही. सतत माहिती भरा, लिंक भरा, फोटो टाका. मे महिन्यात शाळेतला मुलांचा पट टिकवायला घरोघर फिरते आणि माझी स्वतःची मुलगी इंग्रजी मीडियमला, त्याची लाज वाटते. त्यात आता टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. दिरांचा ऐरोलीत क्लास आहे, ते म्हणतात सोड आणि ये. परवा सातवीतला एक मुलगा म्हणाला, बाई, माझी ताई सांगते तुम्ही पटांगणात रांगोळीने महाराष्ट्राचा नकाशा काढून सगळ्यांना त्यात उभं करायचात, मग आम्हाला का नाही? मी स्टाफरूममधे जाऊन रडले. लॉकडाऊननंतर ते कधी बंद पडलं मला आठवतही नाही. माझ्यातली शिक्षिका संपली का?"

अगं, तुला अगं-तुगंच करते, मी 31 वर्षं फळ्यासमोर काढून घरी बसलेय तेवढा हक्क घेते.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्या मुलाचा प्रश्न तू अगदी शेवटी लिहिलायस, मला वाटतं पत्र तिथूनच सुरू होतं. जी संपलेली असते ना तिला असल्या प्रश्नाने रडू येत नाही, ती "बस खाली" म्हणते आणि पुढचा धडा काढते.

आधी तब्येतीचं बोलू. झोप नाही आणि रोज पोटात गोळा, हे दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर डॉक्टरला दाखव, आवड कमी झाली वगैरे नाव देऊन अंगावर काढू नकोस. मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. शिक्षकांना वाटतं आपण दुसऱ्यांना समजवायचं, आपल्याला कोणी समजवायचं नसतं, ते चूक आहे.

आता एक काम कर, एक साधी वही घे आणि दोन आठवडे रोज फक्त एवढंच लिही की आज खरं शिकवणं किती मिनिटं झालं, म्हणजे माहिती गोळा करणं, मुलांच्या आधार आणि अपार ओळख क्रमांकांचे घोळ, ग्रुपवरचे मेसेज, कार्यक्रमाचे फोटो हे सगळं वजा करून. माझा अंदाज आहे आकडा बघून तुला स्वतःचा राग कमी येईल, कारण मग कळतं की तुझं शिकवण्यावरचं प्रेम आटलेलं नाही, तुझ्या दिवसात शिकवणंच उरलेलं नाही. उपाशी माणसाच्या अंगात बळ नाही म्हणून आपण त्याला दोष देत नाही ना.

आणि ती वही मुख्याध्यापकांना दाखव, भांडायला नाही, बोलायला. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 स्पष्ट आहे, दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणुका एवढं सोडून शिक्षकाला बिगर शैक्षणिक कामाला लावता येत नाही. म्हणजे बीएलओचं, मतदार याद्यांचं काम आलं तर करावंच लागेल, पण बाकीच्या प्रत्येक गोष्टीला "लेखी आदेश द्याल का" एवढं नम्रपणे विचारायला काही हरकत नाही. विचारलं की निम्मी कामं आपोआप कमी होतात हे मी पाहिलंय.

टीईटीचं दुःख मला कळतं, 2011 ला लागलीस, राज्यात टीईटी सुरू झाली 2013 ला, आणि 1 सप्टेंबर 2025 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी शिल्लक आहे त्यांना दोन वर्षांत पास व्हावंच लागेल. अपमान वाटतो, वाटणारच, 14 वर्षं वर्ग सांभाळलाय. पण तो अपमान आणि तुझी लायकी या दोन गोष्टी एकत्र शिजवू नकोस. सहावी ते आठवीचा पेपर दोन 150 मार्कांचा, खुल्या गटाला 90 हवेत, निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यातला 30 मार्कांचा बालमानसशास्त्राचा भाग तर तू रोज वर्गात जगतेस. दोन मैत्रिणी धरून अभ्यास कर आणि मोकळी हो.

मैत्रिणींवरून आठवलं. नोकरीच्या बाराव्या वर्षी मलाही असंच झालं होतं, शाळेचं गेट दिसलं की परत फिरावंसं वाटायचं. मला वाचवलं ते आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंनी. शनिवारी अर्धी शाळा सुटली की आम्ही दोघी ठाण्याच्या तलावपाळीला जाऊन बसायचो, नियम एकच, पगार आणि मुख्याध्यापक हे विषय काढायचे नाहीत, एका मुलाबद्दल बोलायचं. या आठवड्यात कोण अडलं, कुठे अडलं, काय केलं. एवढंच. एखाद्या आठवड्यात माझ्याकडे सांगायला मूलच नसायचं, तेव्हा कळायचं की मी पाच दिवस कोणाकडे नीट पाहिलंच नाही, आणि सोमवारी आपोआप पाहिलं जायचं. अशी एक माणूस शोध. स्टाफरूममधे रडताना पाणी कोणी आणून दिलं, तिथून सुरुवात कर.

मुलीच्या इंग्रजी मीडियमची लाज नको बाळगूस, तो तुमच्या घरचा निर्णय आहे, घरोघर फिरताना कोणी विचारलं तर खरं सांग. फक्त "आमची शाळा लय भारी" असं घोकलेलं बोलू नकोस, "तुमचं पोर माझ्याकडे आलं तर वर्षभरात आपणहून पुस्तक उचलून वाचेल" असं तुला जे खरंच करता येतं ते बोल. पटासाठी फिरण्याचा मलाही संताप येतो, मुलं कमी होऊन तुकडी गेली तर अतिरिक्त, म्हणजे जादा शिक्षक ठरायची भीती शिक्षकाच्या डोक्यावर का, हे माझं मत मी सोडणार नाही. पण त्या फिरण्यात एक गोष्ट हाताला लागते, मूल कुठल्या खोलीत राहतं ते आपण पाहतो. आपल्याच तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हेच केलं होतं. 1945 ला बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला गेल्या, आदिवासी मुलं गुरं चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत तर शाळाच कुरणात नेली, तीच कुरणशाळा. बोर्डीला आल्या तेव्हा अनुताई 35 वर्षांच्या होत्या, जवळजवळ तुझ्याच वयाच्या, आणि त्यांचं मोठं काम पुढेच व्हायचं होतं.

दिरांच्या क्लासबद्दल, तिथे गेलीस तर पाप नाही, क्लासमधेही मुलंच असतात. पण थकलेल्या अवस्थेत राजीनामा लिहू नकोस. परीक्षा, निकाल, सुट्टी होऊ दे, झोप पूर्ण होऊ दे, मग ती वही उघडून ठरव.

आणि नकाशा. रोज नको, महिन्यातला एक शनिवार, एक तास, त्याचा फोटो कुठेही टाकायचा नाही, तो फक्त तुझा आणि मुलांचा. यावेळी आधी जुना ठाणे जिल्हा काढ आणि मग 1 ऑगस्ट 2014 ची रेघ मारून पालघर वेगळा कर, बघ मुलं किती प्रश्न विचारतात. मधे खाडी निळ्या रंगाने भर, कळव्याहून येणारी पोरं ती रोज ओलांडतात, तिथे फ्लेमिंगो येतात आणि 2022 पासून ती रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. त्या मुलाला कळव्यावर उभं कर. त्याच्या ताईला पण बोलाव, कॉलेजला असली तरी शनिवारी येईल, रांगोळी तिच्या हातात दे.

तुझी मावशी