खारं पाणी आणि बाबांची जीप

प्रश्न : मिस्त्रीकाका, नमस्कार. आमच्या घरी बाबांच्या हातची १९९४ सालची डिझेल जीप आहे. एमएम ५४०, २११२ सीसीचं प्युजो बनावटीचं इंजिन. मे महिन्यात अकोटला लग्नाला जाताना काटा लाल पट्टीत गेला. मुहूर्त टळू नये म्हणून मी तशीच चार किलोमीटर दामटली आणि गाडी जागेवर जाम झाली. दुसऱ्या दिवशी थंडावल्यावर स्टार्ट झाली, पण पांढरा धूर, आणि डिपस्टिकवर तेल दुधाच्या चहासारखं. आमचा गॅरेजवाला म्हणतो, "हे भंगारात द्या, २५२३ सीसीचं डीआय (थेट सिलिंडरात डिझेल फवारणारं) इंजिन टाकू, टर्बो बसवू, गाडी विमानावानी पयते." आई म्हणते, बाबांची गाडी बाबांचीच राहू दे. रेडिएटरात मी शेतातल्या विहिरीचंच पाणी टाकतो. आता काय करावं?
— एक शेतकरी वाचक, दर्यापूर तालुका

उत्तर : भाऊ, विहिरीच्या पाण्याचं तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझी नजर तिथंच थांबली. तुमचा तालुका पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला. ज्या पाण्याने तुमचं रान पांढरं पडतं, तेच पाणी तुम्ही वर्षानुवर्षं इंजिनात फिरवलंत. पाणी वाफ होऊन उडतं, क्षार मागे राहतो. तुम्ही पुन्हा पाणी टाकता, पुन्हा क्षार बसतो.

मागच्या वर्षी तुमच्याच भागातला एक ब्लॉक माझ्याकडे आला होता. बाजूच्या लोखंडी टोप्या काढल्या आणि आत बोट घातलं, तर बोट पुढे जाईना. चौथ्या सिलिंडरभोवती पिवळसर पांढरी खपली बसली होती, जुन्या माठाच्या बुडाशी असते तशी, पण दगडासारखी कडक. स्क्रूड्रायव्हरने खरवडली तर पापुद्र्यावर पापुद्रा सुटत गेला, खाली गंजाचा लाल गाळ. वॉटर पंप पुढे असतो, म्हणून गाळ मागे जाऊन बसतो आणि मागचा सिलिंडर आधी भाजतो. बाहेर ४५ अंश, आत ही खपली. काटा लाल पट्टीत जायला दुसरं कारणच लागत नाही.

म्हणून आधी एक काम. आजपासून गाडीला सेल्फ मारू नका. तेलात पाणी आलंय, म्हणजे हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) फुटलंय, नाहीतर हेड वाकलंय किंवा तडकलंय. सिलिंडरमध्ये पाणी साचलेलं असताना सेल्फ मारला तर पिस्टन त्याला दाबू शकत नाही, पाणी दबत नसतं. कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझल आणि हीटर प्लग काढा, मगच पान्याने इंजिन हाताने फिरवा.

आता त्या २५२३ सीसीबद्दल. इंजिन वाईट नाही. मी शेकडो बांधलीत, ओढीला दणकट आहे. तुमच्या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली रुंदी, ९० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, ८३, त्याचा बोअर ८८.९ आणि स्ट्रोक १०१.६. लांब स्ट्रोकमुळे ते खालच्या चक्करवर जोर देतं, म्हणून गॅरेजवाल्याचा जीव त्यात अडकलाय. पण माउंटिंग, क्लच, गिअरबॉक्सची जोड, सगळंच पुन्हा जमवावं लागेल. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या नोंदीशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही. तुमची गाडी १५ वर्षं कधीच ओलांडून गेली, दर ५ वर्षांनी नोंदणी वाढवायला आरटीओत न्यावीच लागते. तिथं इंजिन नंबर जुळला नाही, किंवा उद्या अपघातात विम्याच्या माणसाने बोनेट उघडून पाहिलं, तर काय सांगाल? टर्बोचंही तेच. जुन्या इंजिनात जास्त हवा कोंबली की जास्त उष्णता आली, आणि तुमचं दुखणंच उष्णतेचं आहे. मी तरी बसवून देणार नाही. आईंचं म्हणणं मिस्त्री म्हणूनही मला पटतं.

फुल इंजिन काम करा, पण उघडल्यावर घाई करू नका. ब्लॉक आणि हेड दोन्हींची तडा तपासणी लेथवर करून घ्या. हेडवर सरळपट्टी ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालून बघा. वाकलं असेल तर फेसिंग, म्हणजे घासून सपाट करणं, होतं, पण या इंजिनात हेडमध्ये बसवलेले प्री-चेंबर (डिझेल आधी पेटतं त्या छोट्या कोठड्या) असतात, ते हलले किंवा तडकले असतील तर नुसत्या फेसिंगने भागत नाही. ब्लॉकच निकामी निघाला तर त्याच जातीचा दुसरा घ्या, बिल सांभाळून ठेवा आणि बसवण्याआधी आरटीओची परवानगी काढा.

गाडी जाम झाली होती, म्हणजे पिस्टन बोअरला चिकटला होता. बोअरवर ओरखडे नक्की सापडतील. मग बोअर किती रुंद करायचा ते लेथवाले थाऊमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात, बोलतात. दहा थाऊ म्हणजे पाव मिलिमीटर, वीस थाऊ म्हणजे अर्धा. आधी पिस्टन हातात घ्या, त्याचं माप काढा, मग त्या मापाने बोअर करायला सांगा. बोअर आधी करून पिस्टन नंतर शोधणाऱ्याकडे काम देऊ नका. आणि नवी रिंग पिस्टनवर चढवण्याआधी एकटीच बोअरमध्ये घाला, पिस्टनच्या माथ्याने सरळ खाली ढकला आणि तिच्या दोन टोकांमधली फट फीलरने मोजा. ९० च्या बोअरला ही फट साधारण ०.३० मिलिमीटरच्या खाली नको. फट कमी राहिली तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग बोअर ओरबाडते. चार पिस्टनच्या सगळ्या रिंगा मोजायला जेमतेम तासभर लागतो. समोर उभं राहून मोजून घ्या.

एक गोष्ट जीव तोडून सांगतो, कारण ती माझ्या हातून घडली आहे. धंद्यात नवा होतो तेव्हा एका शेतकऱ्याचं बेअरिंग उडालेलं इंजिन बांधलं. क्रँक घासली, बेअरिंगं नवी टाकली, सगळं पुसून लख्ख केलं. पण ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांचे प्लग उघडले नाहीत. जुन्या बेअरिंगची चकाकणारी कीस आतच होती. आठशे किलोमीटरवर नवी बेअरिंगं गेली. त्यांनी नांगरणीचे पैसे दिले होते मला. दुसऱ्यांदा माझ्या खर्चाने बांधून दिलं, पण त्यांचा पेरणीचा आठवडा मी परत देऊ शकलो नाही. तुमच्या तेलात तर पाणीही मिसळलंय. तेव्हा प्लग काढा, लांब ब्रश घालून डिझेलने धुवा, हवा मारा, क्रँकची भोकंही तशीच साफ करा, ऑइल पंप उघडून बघा.

सुधारणाच करायची असेल तर पैसा थंडाव्यावर घाला. रेडिएटरचा कोर नवा, जमल्यास एक ओळ जास्त. पंख्याभोवतीचा पत्र्याचा आडोसा बऱ्याच जुन्या जीपांवर काढून फेकलेला असतो, तो परत बसवा, नाहीतर पंखा तीच गरम हवा फिरवत राहतो. थर्मोस्टॅट काढून टाकायला कोणी सांगेल, ऐकू नका. पातेल्यात पाणी तापवून तो उघडतो की नाही ते डोळ्याने पाहा, मग बसवा. रेडिएटरची कॅप नवी घ्या, कारण ती दाब धरते म्हणून पाणी शंभर अंशांवर उकळत नाही. तापमान वाढलं की वाजणारा बझर आणि ऑइल प्रेशरचा काटा लावा. तो बझर मे महिन्यात असता तर तुम्ही रस्त्याच्या कडेला थांबला असता. कापूस वेचणीच्या दिवसांत जाळीत रुई आणि धूळ अडकते, आठवड्याला इंजिनाच्या बाजूने बाहेर हवा मारा. आणि रेडिएटरात कूलंट व बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी निम्मं निम्मं. विहिरीचं पाणी अडीअडचणीलाही नको, गाडीत या मिश्रणाचा एक कॅन भरून ठेवा.

बांधून झाल्यावर तासन्तास जागेवर धडधडत ठेवू नका, त्याने बोअर गुळगुळीत होऊन रिंगा बसत नाहीत. रस्त्यावर काढा, वेग कमीजास्त करत चालवा, ओझं लादू नका. पाचशे किलोमीटरला पहिलं तेल आणि फिल्टर बदला.

हेड उतरलं की चौथ्या पिस्टनचा माथा कसा दिसतो आणि बोअरवर नख अडकतं का, ते मला कळवा. ओरखडे वरवरचे निघाले तर दहा थाऊवर भागेल, वीसला जायची गरज पडणार नाही.